पॅरिशच्या वहीतली एक ओळ मी खोटी वाचली

सव्वादोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका खेड्यात जन्मलेल्या पोराला मी ओहायोत बसून खोटा बाप दिला. त्या पोराशी माझं ना नातं ना गोतं. तरी दिला, आणि तोही इतका पटकन, की मी काय करून बसले ते मला मागाहूनच कळलं. ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट, आम्ही डब्लिनला राहत होतो तेव्हाची.

आमचं डब्लिन म्हणजे ओहायोतलं, कोलंबसच्या कडेचं. नवरा सॉफ्टवेअरमध्ये. सोमवारी सकाळी विमानानं क्लायंटकडे जायचा तो गुरुवारी परत. मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको, जिला नोकरी करायची परवानगी नाही. नागपूरला मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते हो! आणि इथं दिवसभर खिडकीत बसून गवत कापणारी माणसं बघायची. डोकं फिरायची वेळ आली होती.

घर जोडघर होतं. एका भिंतीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे एक म्हातारी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, नवरा वारलेला, मूलबाळ नाही, जन्मभर शाळेत मास्तरीण. अंगानं काटक आणि जिभेनं तिखट. डोळे मात्र दगा देत होते. नजरेच्या मधोमध काळा डाग, आणि फक्त कडेकडेचं दिसायचं. माझ्याशी बोलताना ती माझ्या कानाच्याही पलीकडे बघायची, तेव्हा कुठं तिला माझा चेहरा दिसायचा. आणि नेमका अशा वयात, अशा डोळ्यांनी, बाईला नाद लागला होता आपल्या घराण्याचं मूळ शोधायचा.

तिचे पूर्वज इंग्लंडचे. तिथं पूर्वी प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, पाद्री वही ठेवायचा. कुणाचा बाप्तिस्मा झाला, कुणाचं लग्न लागलं, कुणाला पुरलं. त्या वह्यांच्या मायक्रोफिल्म, म्हणजे पानांच्या बारीक फोटोंची रिळं, अमेरिकेत मागवता यायची, आणि गावातल्याच एका चर्चच्या मागच्या खोलीत त्या बघायची मशीनं होती. फिल्म यायला तीन-चार आठवडे लागायचे. मग ती मशीनवर चढवायची आणि दिवे मंद करून हँडल फिरवत बसायचं. म्हातारीला ते वाचणं शक्यच नव्हतं. एक दिवस तिनं मला अंगणातून हाक मारली आणि विचारलं, "तुला इंग्रजी वाचता येतं का?" असा संताप आला मला! म्हटलं, "वाचता नाही, शिकवता येतं." ती हसली आणि म्हणाली, "मग मंगळवारी दहाला तयार राहा. गाडी तुझी."

मला ते काम आवडलं, खोटं का बोलू. पहिले काही आठवडे अक्षर लागेचना. पाद्र्यांचं लिखाण कसलं गिचमिड, शाई फुटलेली, पानं उंदरांनी कुरतडलेली. पण हळूहळू नजर बसली. एकाच बाईची पाच पोरं ओळीनं पुरलेली दिसली की मी थांबायचे. म्हातारी शेजारी बसून माझ्या तोंडून ऐकायची आणि जाड मार्करनं कार्डावर ठळक अक्षरात लिहून घ्यायची. आजोबा, आजोबांचे वडील, त्यांचे वडील, असं एकेक पिढी आम्ही मागं जात होतो.

तिचं माहेरचं आडनाव त्या खेड्याचंच नाव होतं. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जायचं, की आपला मूळ पुरुष कुणी सरदार होता, राजानं त्याला ते गाव दिलं, म्हणून हे आडनाव. तिला तो सरदार कागदावर बघायचा होता, मरायच्या आधी.

आडनाव गावावरून आलं, हे तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच मी कान टवकारले. कारण आमचंही गावावरूनच होतं.

तेही सांगून टाकते. आम्ही बौद्ध, म्हणजे आजोबांच्या पिढीपर्यंत महार. नवऱ्याच्या घरचं जुनं आडनाव असं, की ऐकल्याबरोबर कुठलाही मराठी माणूस जात ओळखेल. सासरे नोकरीला लागले आणि शहरात भाड्याची खोली शोधायला निघाले. आडनाव सांगितलं की घरमालक म्हणायचा, अरेरे, खोली आजच गेली. सातव्या की आठव्या दारात त्यांनी आडनाव सांगायच्या जागी गावाचं नाव घेतलं आणि मागं 'कर' लावला. खोली मिळाली. पुढं रीतसर कागद करून तेच कायम केलं. पण त्या खोलीत ते राहायला गेले ते भीती सोबत घेऊनच, आणि ती भीती लग्नात माझ्या वाट्याला आली. कुणी विचारलं तर काय सांगायचं, हे सासूबाईंनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं. वरणभाताला फोडणी कशी द्यायची हे त्यानंतर.

अमेरिकेत तरी सुटेल असं वाटलं होतं. कसलं काय! कोलंबसात मराठी लोकांचं मंडळ होतं. गणपती, दिवाळी, संक्रांत, आणि प्रत्येक वेळी नवीन माणसाची चौकशी. मूळ गाव कुठलं, कुलदैवत कोणतं, अमुक अमुक तुमचे कोण लागतात? जाताना गाडीत नवरा माझी परीक्षा घ्यायचा. "कुलदैवत?" "तुळजाभवानी." "गाव?" "वर्ध्याजवळ." "रिलॅक्स यार, अशी घाबरून नको सांगूस, सहज सांग." स्टिअरिंगवरचा त्याचा स्वतःचा हात घामानं ओला असायचा. घरात बुद्धाची मूर्ती हॉलमध्ये चालायची, अमेरिकेत ती सगळ्यांकडे असते. दुसरा फोटो बेडरूमच्या कपाटात, दाराच्या आतल्या बाजूला. कुठला फोटो ते मराठी माणसाला सांगायला नको.

मंडळात जाणं बंद का नाही केलं? काकूंमुळे. काकू साठीच्या, मूळच्या पुण्याच्या, तिथं वीस वर्षं काढलेल्या. त्यांची मुलं लांब कॅलिफोर्नियात. त्यांनी मला गाडी शिकवली. थंडीत कानटोपी घातली नाही म्हणून पार्किंग लॉटमध्ये सगळ्यांसमोर झापलं. मला दिवस गेलेत हे माझ्या आईच्या आधी त्यांना कळलं, कारण त्यांच्याच सिंकमध्ये मला उलटी झाली. पुढं आईचा व्हिसा झाला नाही तेव्हा मी फोन ठेवून तशीच त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला पोटाशी धरलं. "रडतेस काय वेडे? मी आहे ना. तुझा नवरा असो नसो, हॉस्पिटलात आत मी येणार. बाळाला न्हाऊमाखू मी घालणार. सव्वा महिना तुला उठू द्यायची नाही." मी इतकी रडले, की त्यांचा पदर भिजला.

आणि याच काकू. मंडळातल्या एका कुटुंबाबद्दल एकदा हळू आवाजात म्हणाल्या होत्या, "माणसं चांगली आहेत हो, पण शेवटी ती कोण… कळतं ना. त्यांच्याकडे आपण जेवायला वगैरे नाही जात." चार बायकांनी माना डोलावल्या. त्यात एक मान माझी होती. आजही ते आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत मारून घ्याव्यात असं वाटतं.

तर भीती होती ती एवढीच. काकूंना कळलं, तर परक्या देशात मी एकटी बाळंत होणार. पहिलटकरीण मी, आजूबाजूला कोणी नाही, सोमवार ते गुरुवार नवरा विमानात. दिवसरात्र जिवाला तेच लागलेलं.

ती ओळ आली जुलैमध्ये, मला चौथा महिना होता तेव्हा. म्हातारीच्या खापरपणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद आम्ही शोधत होतो. त्यांच्याआधी त्या वहीत ते आडनाव कुणाचंच दिसत नव्हतं, त्यामुळे म्हातारीला खात्री होती की आता सरदारसाहेब भेटणार. मी हँडल फिरवलं, पान थांबलं, आणि मला नोंद दिसली. 'चर्चच्या पोर्चमध्ये टाकून दिलेलं मूल, आईबाप अज्ञात, या पॅरिशचंच नाव आडनाव म्हणून दिलं.'

कुणीतरी माझंच कपाट उघडून आतला फोटो बाहेर काढतंय असं वाटलं. शेजारी म्हातारी मार्कर उघडून बसलेली. "सापडलं? वाच ना." तिचं ते सुरकुतलेलं तोंड माझ्याकडे नाही, माझ्या पलीकडे बघत होतं. हिला हे सांगायचं? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी? की बाई, तू सरदाराची नाहीस, पायरीवर टाकलेल्या पोराची आहेस? ती इथंच खुर्चीत कोसळेल, मला वाटलं. मग त्याच पानावर वरच्या ओळीत एका शेतकऱ्याचं नाव होतं, ते मी उचललं, त्याला म्हातारीचं आडनाव जोडलं आणि वाचलं. "अमक्या शेतकऱ्याचा मुलगा."

"शेतकरी?" ती जरा हिरमुसली. "ठीक आहे. सरदार त्याच्या मागं असेल." आणि तिनं कार्डावर लिहून टाकलं.

इथंच थांबली असती तर ती म्हातारी कसली! तिला आता त्या शेतकऱ्याचा बाप्तिस्मा हवा. मग त्याचं लग्न. मी नाही म्हणू कशी? दर मंगळवारी मी त्या अंधाऱ्या खोलीत बसून, नसलेल्या माणसाला शोधायचं नाटक करायचे. "या वर्षात नाही. या पानात नाही. पुढची फिल्म मागवू." म्हातारी म्हणायची, "तुझा आवाज का बसलाय? गरम पाणी पीत जा." त्या दिवसांत मला स्वप्नंही तशीच पडायची. कुणीतरी मोठी वही उघडून बसलंय आणि माझं नाव विचारतंय.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिनं मला भिंतीवर ठोकून बोलावलं. तिच्याकडे अक्षर मोठं करून टीव्हीवर दाखवणारं एक यंत्र होतं, त्याखाली एक पत्र होतं. तिनं मला न सांगता इंग्लंडमधल्या दप्तरखान्याला पत्र लिहून त्या नोंदीची अधिकृत नक्कल मागवली होती.

"बस," ती म्हणाली. "हे मला वाचून दाखव."

"तुम्ही वाचलंत ना."

"एकेक अक्षर, अर्धा तास लागला. आता तुझ्या तोंडून ऐकायचंय."

मी सातव्या महिन्याचं पोट घेऊन बसले आणि वाचलं. पोर्च. टाकून दिलेलं मूल. आईबाप अज्ञात. आणि मग ती जी कडाडली म्हणता! "मी तुझे डोळे उसने घेतले होते. तू मला खोटं वाचून दाखवलंस, तर मी ठार आंधळीच झाले की! तीन महिने मी एका भुताच्या मागं फिरतेय. का? तुला काय वाटलं, मी ऐकून मरून पडेन?"

"हो," मी म्हणाले. मला खरंच तसं वाटलं होतं.

ती माझ्या कानाकडे बघत राहिली. मग तिला काय झालं कोण जाणे, ती हसायला लागली. माझ्यादेखत तिनं इंडियानातल्या बहिणीला फोन लावला. "अगं ऐक! आपण सरदार बिरदार कोणी नाही. आपल्याला कुणीतरी चर्चच्या दारात टाकून गेलं होतं! आणि कुणीतरी उचललं, बघ. उचललं म्हणून आपण आहोत!" हसता हसता तिला ठसका लागला. हिचं काहीच गेलं नाही. मान गेला नाही, बहीण गेली नाही, शेजारी गेले नाहीत. आमच्यात अशी एक ओळ बाहेर आली तर माणसं ताटावरून उठतात, आणि ही फोनवर हसतेय! मला तिचा हेवा वाटला. अस्सा हेवा, की रडू आलं.

मग तिनं विचारलं, खरं कारण काय. आणि मी सांगितलं. जात म्हणजे काय, सासऱ्यांनी सात-आठ दारं कशी पाहिली, कपाटातला फोटो, गाडीतली परीक्षा, काकू. अमेरिकेत आल्यापासून हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवटी म्हटलं, "काकूंना कळता कामा नये. बाळ होईपर्यंत तरी."

"माझ्याकडून नाही कळणार," ती म्हणाली. "पण मी खोटंही बोलणार नाही. ते मला जमत नाही."

महिनाअखेरीला काकूंनी त्यांच्या घरी माझं डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने कुठून कुठून जमवलेले, तीस बायका. म्हातारीला मीच बोलावलं होतं. हिच्या एकटीसमोर आपल्याला घाबरायचं कारण नाही असं मला वाटायचं, म्हणून जवळ हवी होती. आणि ज्याची धास्ती होती तेच झालं. काकू तिच्याशेजारी जाऊन बसल्या. वंशावळीचा विषय निघाला. काकू अभिमानानं सांगत होत्या, की आमच्या घराण्याची दहा पिढ्यांची वंशावळ आहे, पेशव्यांच्या काळापासूनची. म्हातारी कौतुकानं ऐकत होती. मी झोपाळ्यावर बसलेली, बायका गाणी म्हणतायत, आणि माझे कान सगळे त्या सोफ्याकडे.

"आणि हिची?" काकूंनी सहज विचारलं. "तुमची एवढी शोधून दिली, तर स्वतःच्या घराण्याचं सांगितलं असेल की तुम्हाला."

"ते तुम्ही तिलाच विचारा," म्हातारी म्हणाली.

संपलं! दुसऱ्या कुठल्या अमेरिकन बाईनं म्हटलं असतं, हो हो, काहीतरी सांगत होती, मला ती गावांची नावं नाही लक्षात राहत. पण ही पडली शब्दाची पक्की. तिनं काही सांगितलं नाही, आणि त्यातच सगळं सांगून टाकलं. ज्या घरात लपवण्यासारखं काही नसतं, तिथं असं उत्तर कुणी देत नाही. काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

ओटी भरायच्या आधी माझा गजरा सुटला म्हणून काकूंनी मला आतल्या खोलीत नेलं. पाठीमागे उभ्या राहून त्या पिना लावत होत्या. आरशात आम्ही दोघी दिसत होतो.

"तुझे सासरे हे आडनाव कधीपासून लावतात गं?"

तुळजाभवानी, वर्धा, सगळं पाठ होतं मला. पण हा प्रश्न गाडीत कधी आला नव्हता. मी तोंड उघडलं आणि खरं बाहेर पडलं. "नोकरीला लागले तेव्हापासून."

"हं," काकू म्हणाल्या. त्यांनी पिन नीट बसवली, गजरा सरळ केला. "चल, बायका थांबल्यात." आणि बाहेर येऊन त्यांनी माझी ओटी भरली. नारळ, तांदूळ, सगळं व्यवस्थित. कुणी एका शब्दानं मला दुखावलं नाही.

त्यानंतरच्या पाच आठवड्यांसारखी भीती मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. काकू रोज फोन करायच्या, तो आठवड्यातून एकदा यायला लागला. मी केला तर गोड बोलायच्या. "हो हो, खाते आहेस ना नीट?" बाळंतपणाचा विषय मी काढला तर म्हणायच्या, "बघू या ना, अजून वेळ आहे." त्या 'बघू या'चा मी रात्रंदिवस कीस पाडायचे. त्यांना कळलंय की नाही? कळूनही येतील का? नवरा म्हणायचा, "तू उगाच विचार करतेस यार." पण त्यानं क्लायंटकडे डिलिव्हरीच्या तारखेच्या पुढं-मागं दोन आठवड्यांची सुट्टी मागितली, आणि पूर्वी तो काकूंच्या भरवशावर फक्त चार दिवस मागणार होता.

बाळानं कुणाचंच ऐकलं नाही. तीन आठवडे आधी, डिसेंबरातल्या एका बुधवारी दुपारी, स्वयंपाकघरात माझं पाणी गेलं. नवरा शिकागोला. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "निघतो, मिळेल ते विमान घेतो, तू काकूंना बोलाव." मी ओट्याला धरून काकूंचा नंबर फिरवला.

"काकू, सुरू झालंय."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो कुणीतरी बारीक केला.

"अगं बाई! इतक्यात?" मग थांबल्या. किती थांबल्या ते मी एका कळेवर मोजलं. "हे बघ, बर्फ पडलंय ना गं. रस्ते घसरडे झालेत. मला आताशा बर्फात गाडी काढायची भीतीच वाटते. तू असं कर, अँब्युलन्स बोलाव. मी येऊन जाईन नंतर."

खिडकीतून मला आमचा रस्ता दिसत होता. सकाळीच नगरपालिकेची गाडी बर्फ ओढून गेली होती. रस्ता काळा, कोरडा होता आणि त्यावरून मोटारी धावत होत्या. आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "हो काकू, बरोबर आहे तुमचं. नका येऊ, उगाच घसराल. जपा." त्यांचीच समजूत काढली मी! त्यांना अवघड वाटू नये म्हणून! फोन ठेवला आणि जमिनीवर बसून मी ओरडले. कळ आली म्हणून की राग आला म्हणून, मला सांगता येणार नाही.

ते ओरडणं भिंतीपलीकडे गेलं. म्हातारी सपाता घालून बर्फातून धावत आली. तिनंच नाइन-वन-वनला फोन केला, तिनंच माझी बॅग चाचपडत भरली, त्यात नवऱ्याचे दोन मोजे भरले आणि माझा गाऊन विसरली. अँब्युलन्समध्ये तिनं माझा हात धरला. मी तिला सारखी विचारत होते, "मी मरणार का? बाळ मरेल का? तीन आठवडे आधी आहे." ती म्हणाली, "मला माहीत नाही. मला मूल झालेलं नाही. पण मी इथं आहे." दुसऱ्या कुणी 'काही होणार नाही' म्हटलं असतं तर माझा विश्वास बसला नसता.

हॉस्पिटलमध्ये आत नेताना नर्सनं तिला दारात अडवलं. आत एकच माणूस, आणि तेही घरचं, असा त्यांचा नियम. "तुम्ही कोण?" नर्सनं विचारलं.

मला माहीत होतं ती काय सांगणार. शेजारीण. ती दुसरं काही सांगूच शकत नव्हती, एका ओळीसाठी तिनं मला केवढं फैलावर घेतलं होतं. मग ते दार लागणार, आणि आत मी एकटी, ज्याला इतके महिने भ्यायले तसंच. मी स्ट्रेचरवरून तिचं बोट घट्ट धरून ठेवलं होतं. नर्सनं फॉर्म पुढं केला. रुग्णाशी नातं, असा एक रकाना त्यात होता.

म्हातारीनं माझ्या हातातून बोट सोडवून घेतलं. मला वाटलं, गेली. तिनं नर्सचं पेन घेतलं, फॉर्म कागदाला नाक लागेल इतका जवळ आणला, डोकं तिरपं करून तो रकाना शोधला आणि मोठ्या मास्तरणीच्या अक्षरात लिहिलं: आई.

नर्सनं तिच्या गोऱ्या, सुरकुतलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "ही तुमची आई?"

"हो," मी म्हणाले. आणि आश्चर्य म्हणजे ते म्हणताना मला भीती वाटली नाही.

संध्याकाळी मुलगी झाली. छोटीशी, पण धडधाकट. नवरा पोचला तेव्हा म्हातारी तिला मांडीवर घेऊन, मान तिरपी करून तिचं तोंड बघत बसली होती. काकूंनी दोन दिवसांनी डिंकाचे लाडू पाठवले, दुसऱ्या कुणाच्या तरी हाती.

तो फॉर्म त्या हॉस्पिटलच्या कुठल्यातरी दप्तरात असेल. शंभर-दोनशे वर्षांनी माझ्या लेकीच्या वंशातलं कुणी आपलं मूळ शोधत तिथं पोचलं, तर त्याला दिसेल की आपल्या पणजीची आजी ओहायोतली एक इंग्रज आडनावाची बाई होती. डोकं धरून बसेल बिचारं, वह्या धुंडाळेल, जुळणी लागणार नाही. शोधू दे. त्या दिवशी माझ्यासोबत आत जे माणूस आलं, त्याचं नातं त्या कागदावर बरोबर लिहिलेलं आहे.